मयत, पण हप्ते नियमित

माझ्या आतेभावाइतका जिवंत माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा सापडणार नाही, आणि तरीही मागच्या वर्षी कित्येक महिने तो कागदोपत्री मेलेला होता. जिवंत म्हणजे किती, तर नायगावच्या चाळीच्या गॅलरीत हा शिंकला की खाली बसची वाट बघणारी माणसं दचकायची. भांडणाला कारण लागतं हे त्याला कुणी शिकवलंच नाही. लालबागला मसाला कांडायला टाकला, तर यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून हा विचारणार, "मिरची दिली तेवढीच परत आली कशावरून?" आणि समोरच्यानं काहीही उत्तर दिलं तरी याचं ठरलेलं वाक्य, "तोंडी नको, लेखी द्या." माझ्या लग्नात भटजींनी मुहूर्त जरा पुढे ढकलला, तर त्यांच्याकडेही यानं ते लेखी मागितलं होतं. माझी सासू अजून विचारते, "तुझा तो लेखी भाऊ बरा आहे ना?"

असा हा गडी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेला आणि बँकेतली पोरगी मान खाली घालून म्हणाली, "सर, क्रेडिट रिपोर्टमध्ये तुम्ही मयत दिसताय." "मग आत्ता बोलतोय तो कोण, भूत?" असं हा गरजला. ती खुर्चीसकट मागे सरकली म्हणे. मी नोकरीत दिवसभर लोकांच्या कर्जाचेच कागद तपासते, म्हणून स्वारी रिपोर्ट घेऊन माझ्याकडे दादरला आली. दोन खाती त्याचीच होती. तिसरं एक लहानसं कर्ज होतं, यानं कधीच न घेतलेलं. खातेदार मयत. आणि पुढचं मी चष्मा पुसून दोनदा वाचलं, कारण खातेदार मेल्यानंतरही हप्ते येतच होते, गेल्या महिन्याचासुद्धा. "दादा, हा मेलेला माणूस तुझ्यापेक्षा वेळेवर पैसे भरतो रे," मी म्हटलं. तो हसला नाही. त्या खात्यावर दोन पत्ते होते. कायमचा पत्ता म्हणून याचीच नायगावची खोली, आणि राहण्याचा शीव कोळीवाड्यातला.

रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे आम्ही हरकत नोंदवली, 'हे खाते माझे नाही.' महिनाभरानं उत्तर आलं की कर्ज देणाऱ्यांनी तपासलं आहे, माहिती बरोबर आहे. पुन्हा आधार, पॅन, फोटो जोडून पाठवलं. पुन्हा तेच. आणि मग हा माणूस बदलायला लागला. भांडणं बंद. दाढी करताना आरशात स्वतःचा गाल दाबून बघायचा. पितृपक्षात गॅलरीच्या कठड्यावर कावळा बसला, तर बायकोला हळूच म्हणाला, "माझ्यासाठीच आलाय का बघ गं." वहिनी हसता हसता रडायला लागली. फी भरायची मुदत जवळ येत होती, पोरगी रोज फीचा कागद काढून बघायची आणि घडी घालून परत ठेवायची, आणि त्या घडी घालण्यानंच बापाचा जीव खाल्ला होता.

इथे त्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आत्याच्या सासरी पुरुषांना दोनच नावं, एक पिढी सोडून एक. म्हणजे आजोबांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं नातवाचंही तेच. दादाचे आजोबा गिरणी बंद पडल्यावर 'काम बघून येतो' म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. पुढे दादा जन्मला, तेव्हा घरानं मनातल्या मनात काय ते समजून आजोबांचं नाव त्याला ठेवलं. आजी तेवढी कडाडली होती, "जित्या माणसाचा नाव पोराक ठेवतत काय?" आधीच नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यात हे. मरेपर्यंत तिनं नातवाला फक्त 'झिला', म्हणजे पोरा, म्हणून हाक मारली.

शेवटी चोर पकडायचाच म्हणून आम्ही दोघं कोळीवाड्यात त्या पत्त्यावर गेलो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासातून गल्ली शोधली, दार वाजवलं. एका म्हाताऱ्या कोळणीनं दार उघडलं. दादानं छाती काढून आपलं पूर्ण नाव सांगितलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, "आई गं!" म्हणाली आणि दार धाडकन लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, "तुला पोचवलाय ना रे आम्ही! परत कशाला आलास?"

इतके महिने बँकांना ओरडून सांगितलेलं वाक्य दादानं त्या दाराला अगदी मऊपणे सांगितलं. "मावशी, मी जिवंत आहे. मी नातू."

मग दार उघडलं. तिच्या पोटमाळ्यावर आजोबा कित्येक वर्षं राहिले होते, जाळी दुरुस्त करून देत होते. तिचं छप्पर गळायला लागलं तेव्हा कर्ज त्यांनी आपल्या नावावर काढलं. ते वारले तेव्हा तिनं कर्ज देणाऱ्यांना जाऊन कळवलं आणि उरलेले हप्ते ती स्वतः भरत राहिली. "घरी का गेले नाहीत?" मी विचारलं. ती म्हणाली, "एकदा गेलेला. जिन्यात होता, तर वरून त्याच्या घरातून कुणी नावानं हाक मारली, जेवायला ये म्हणून. ह्याला वाटलं आपल्यालाच. पाय उचलला, तर एक पोरगा 'आलो, आलो' करत बाजूनं वर धावला. तसाच फिरला मागं. मला बोलला, नाव दिलं म्हणजे मला पोचवलाय त्यांनी, आता वर कुठल्या तोंडानं जाऊ?"

दादानं हे लेखी मागितलं नाही. भिंतीला टेकून बसला आणि लहान मुलासारखा रडला. उरलेले हप्ते मी भरतो म्हणाला, तर ती उसळली, "माझं छप्पर, मीच फेडीन!"

या वेळी हरकतीत त्यानं लिहिलं, 'हे खाते माझ्या आजोबांचे आहे.' दोघांच्या जन्मतारखांचे पुरावे जोडले. नोंद वेगळी झाली, दादा कागदोपत्री जिवंत झाला, फी वेळेत भरली गेली, पोरगी आता पांढरा युनिफॉर्म घालून जाते. तोही पुन्हा भांडतो, पण पहिल्यासारखं नाही. आणि जिन्यात कुणी नावानं हाक मारली की तो लगेच ओ देत नाही. आधी कठड्याला लागून उभा राहतो, बाजूला एका माणसापुरती वाट ठेवतो, आणि थोडं थांबून मगच वर जातो.