जाळीवरचे कापड

आमच्या पिकअपचे इंजिन का उकळत होते, याविषयी पेण ते रोहे या टापूत सध्या तीन हकिकती सांगितल्या जातात, आणि तिन्ही खोट्या आहेत. पेणच्या मूर्तिकाराच्या मते गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधलेल्या कापडाने तिचा श्वास कोंडला होता. रोह्याच्या मेकॅनिकच्या मते त्याने इंजिनचा एक वॉल, म्हणजे पाण्याची झडप, काढून टाकला आणि गाडी थंड झाली. आमच्या कासू गावात असे सांगतात की भंगारवाल्याने आम्हाला बिघडलेला पंखा विकला. या तिसऱ्या हकिकतीचा मला सर्वाधिक राग आहे, कारण ती माझ्या भल्यासाठी रचलेली आहे.

मी निवृत्त होईपर्यंत रोह्याच्या एका कंपनीत कूलिंग टॉवर सांभाळला. यंत्रांतून तापून आलेले पाणी थंड करून परत पाठवायचे, एवढेच माझे काम. ते मी इतकी वर्षे केले की पाणी आणि हवा यांच्याविषयी कोणी मला काही सांगू लागले की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. हा माझा दोष असेल. तो मी नाकारत नाही.

गाडी सुनेची आहे. मुलगा शिफ्टला जातो आणि पिकअप ती चालवते. एरवी भाताची पोती, विटा, वाल. श्रावणात पेणच्या कारखान्यातून गणपतीच्या मूर्ती. बाईच्या हाती मूर्ती द्यायला आधी कोणी धजत नव्हते. पण तिच्या गाडीत मूर्तीचे बोटसुद्धा कधी मोडले नाही, आणि अखेर रोह्याची सगळी फेरी तिच्याकडे आली. ती फेरी तिने स्वतः कमावली होती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जुने इंजिन निकामी झाले. अपघात झालेल्या एका मोठ्या गाडीचे दणकट इंजिन मीच निवडले. रोह्याच्या मेकॅनिकने ते बसवले, आरटीओची नोंदही रीतसर झाली. मात्र थंडाव्याची व्यवस्था मी माझ्याकडे घेतली. ती दुसऱ्या कोणाला करू देणे मला शक्यच नव्हते.

नवे इंजिन जुन्यापेक्षा वीतभर लांब. रेडिएटरची पाण्याची तोंडे एका बाजूला, इंजिनची दुसऱ्या बाजूला. मी लोखंडी नळी वाकवून आडवी नेली आणि दोन्ही टोकांना रबरी होज जोडले. ते काम आजही कोणी येऊन पाहावे; एक थेंब गळत नाही. अडचण पंख्याची होती. मूळचा पट्ट्यावर फिरणारा पंखा इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये असे. आता तिथे बोट शिरायला जागा उरली नव्हती. म्हणून मी भंगारातून एका मोटारीचा विजेवरचा पंखा आणला आणि रेडिएटरच्या पुढच्या अंगाला, जाळीच्या आत बसवला. बटण दाबले, पंखा गरगरला, आणि मी समाधानाने हात पुसले.

पहिल्याच फेरीत, मूर्ती भरलेल्या असताना, गडब गावाजवळ गाडीने वाफ सोडली. मूर्तिकाराने दुसरी गाडी पाठवली. भर रस्त्यात, पावसाच्या दोन सरींच्या मध्ये, कच्च्या मातीच्या मूर्ती पेंढ्यातून उचलून पेंढ्यात ठेवाव्या लागल्या. सुनेने एकेक मूर्ती स्वतः धरली. संध्याकाळी मूर्तिकार तिला म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताबद्दल माझी तक्रार नाय. पण गाडी अजून एकदा उकळली, तर रोह्याची फेरी मला दुसऱ्याला द्यावी लागंल. गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी इंजिनमधला थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रोखून धरणारा वॉल काढला, रिकामी गाडी हायवेवर भरधाव नेऊन आणली आणि तापमानाचा काटा दाखवला. काटा निम्म्यावर होता.

"बघा काका, झाली थंड."

"वॉल पाणी अडवत होता, हे तुला कोणी सांगितले?"

"काका, तुमचा टॉवर वेगळा न् गाडी वेगळी. टॉवर एका जागी उभा असतो, गाडी पळते."

त्याने टोमणा मारला होता, पण माझे लक्ष त्याच्या शेवटच्या दोन शब्दांवर खिळले. गाडी पळते. आमची कुठे पळते? मूर्ती भरल्या की ती चालते, तीही गाभण म्हशीसारखी. पळणाऱ्या गाडीला वारा फुकट मिळतो. चालणाऱ्या गाडीला तो पंख्याने आणून द्यावा लागतो. म्हणजे मेकॅनिकने ज्या स्थितीत गाडी तपासली, त्या स्थितीत ती बिघडतच नव्हती.

मी सुनेला म्हटले, "भाताची पोती भर, आणि मूर्ती आहेत असे समजून चालव."

"कुठवर, बाबा?"

"काटा चढेपर्यंत."

कासूहून गडबकडे निघालो. जाळीवर तेव्हा कापड नव्हते, हे पेणकरांनी लक्षात ठेवावे. अर्ध्या वाटेतच काटा चढू लागला. गाडी थांबवून, पण इंजिन चालू ठेवून, मी रेडिएटरच्या दोन्ही होजना फडके गुंडाळून हात लावला. वरचा तापलेला असणारच; खालचाही तितकाच तापलेला. पाणी फिरत होते, पण रेडिएटरमधून जसे आत गेले तसेच बाहेर येत होते. मग उरली हवा. मी कान दिला: पंखा चालू. डोकावून पाहिले: पंखा फिरतो आहे. जे फिरते ते काम करते, अशी माझी पक्की समजूत होती, आणि तिने मला दोन दिवस आंधळे ठेवले. मी रेडिएटर धुतला, पाण्याची टाकी बदलली, हवेचे बुडबुडे काढले. काटा मात्र चढतच राहिला.

पुढच्या फेरीच्या सकाळी आम्ही पेणला कारखान्याच्या गल्लीत उभे होतो. मूर्ती भरून झाल्या होत्या. मी सुनेला सांगितले होते की फेरी पुढे ढकलू, आणि तिने उत्तर दिले होते, "पुढं ढकलली म्हंजे दिली दुसऱ्याला." त्यामुळे आम्ही पाण्याचे दोन कॅन घेऊन निघणार होतो, आणि या उपायाची मला लाज वाटत होती.

आमच्याकडे मूर्तींची गाडी निघाली की पुढच्या जाळीवर भगवे कापड बांधतात, म्हणजे समोरून येणारा घाई करत नाही. सुनेने कापडाची वरची दोन टोके बांधली. खालच्या टोकांना दोरी पुरेना. इंजिन चालू होते, पंखा घोंघावत होता. ती दोरी शोधायला वळली आणि थबकली.

"बाबा, वारा हाय काय?"

"पान हलत नाही. का?"

"मंग ह्ये कापड पुढं कशापायी फुगतंय?"

मी पाहिले. कापड पदरासारखे रस्त्याच्या दिशेला फडफडत होते. पुढून हवा आत ओढणाऱ्या पंख्यासमोर कापड जाळीला चिकटायला हवे. मी कारखान्यातल्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडून जाळीवर धरला. तो माझ्या हातातून उडाला आणि मूर्तिकाराच्या छातीवर जाऊन आदळला.

"काका, पेपर वाचून झाला काय?" तो म्हणाला.

मी वाकून जाळीतून पंख्याकडे पाहिले. तो पंखा मूळच्या मोटारीत रेडिएटरच्या मागे बसून हवा मागे ओढण्यासाठी घडवलेला होता. मी तो पुढे बसवला, आणि स्क्रूची भोके ज्या बाजूला होती तीच बाजू रेडिएटरला लावली. त्यामुळे तो इमानाने आपले काम करत होता, पण उलट दिशेने. इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. वेगात येणारा वारा त्याला हरवत असे. संथ चालीत तो वाऱ्याला हरवत असे. इतके साधे होते.

मी इंजिन बंद करवले, पंख्याच्या दोन तारांची चिकटपट्टी सोडली आणि तारांची अदलाबदल केली. पुन्हा चालू केल्यावर कागद जाळीला असा चिकटला की नखाने सोडवावा लागला. पात्यांचे वळण आता दिशेशी जुळत नव्हते, हवा थोडी कमी होती. पंखाच फिरवून बसवण्याचे काम मी पुढे केले. पण हवा आत येत होती. आणि जाळीला काही चिकटू द्यायचे नाही, म्हणून कापड सोडून केबिनच्या टपावर बांधले. मूर्तिकाराने एवढेच पाहिले, आणि कापडाच्या हकिकतीचा जन्म झाला. कापड गुन्हेगार नव्हते, साक्षीदार होते. मेकॅनिकचा वॉल मी आठवड्याने परत बसवला आणि गाडी आजही थंड आहे. त्याने यावर काय म्हणायचे ते म्हणावे.

नागोठणे मागे पडले आणि रोह्याच्या वाटेवरची खिंड सुरू झाली. सून दुसऱ्या गिअरमध्ये, मूर्तींना झोका बसणार नाही अशी चढत होती. काटा निम्म्यापाशी आला, थोडा पुढे सरकला, आणि तिथेच थांबला. चढ संपेपर्यंत मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. दोन्ही कॅन भरलेलेच होते.

उतार लागल्यावर मी म्हणालो, "पंखा मी उलटा लावला होता."

"ठावं हाय."

"केव्हापासून?"

"तुम्ही तारा सोडल्या तवापासून. मिक्सर उलटा फिरला तर आमच्याकडं मिक्सरवाला बी तसंच करतो."

रोह्याला मूर्ती उतरवल्या. एकीचेही बोट दुखावले नव्हते. मूर्तिकाराचा फोन आला आणि त्याने फक्त एवढेच विचारले, "वहिनी, परवा किती वाजता भरताय?"

भंगारवाल्याची हकिकत गावात कोणी पसरवली, हे मला बऱ्याच दिवसांनी कळले. मी सुनेला जाब विचारला.

"मंग काय सांगू?" ती म्हणाली. "टॉवर सांभाळलेल्या माणसानं पंखा उलटा लावला, असं?"

"असेच सांग."

"लोक हसतील, बाबा."

"हसू देत. पंखा चांगला होता. भंगारवाल्याला बोल लागता कामा नये."

तिने मान डोलावली, पण मला तिचा भरवसा वाटत नाही. म्हणून हे लिहून ठेवले. चूक माझी, ती मी कोणाला देणार नाही. आणि ती सापडली सुनेच्या प्रश्नामुळे. तो प्रश्न माझ्या नावावर कोणी खपवू नये.