नारंगी जगाची मूठ

मी हे लिहावं की नाही, ते अजूनही मला नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. शिवाय यशोदाकाकूंच्या घरी मी भाडेकरू होतो, नातेवाईक नव्हे. त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क इतरांचा जास्त आहे. पण ते लिहिणार नाहीत, म्हणून हे धाडस. कमी-जास्त झालं तर क्षमा असावी.

१९९९ साली बी.ए.साठी मी बोदलकसाकडच्या आमच्या गावाहून गोंदियात आलो आणि शहरालगतच्या फुलचूरला काकूंची खोली घेतली. सामान उतरवत होतो तेव्हा त्या बाहेर आल्या. नाव-गाव काही विचारलं नाही. माझ्या बादलीतला प्लास्टिकचा मग उचलला, उलटा करून बूड पाहिलं, मुठीवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

"नवा हाय," असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग म्हणाल्या, "जेवला का?"

दुसऱ्याच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या तरी त्या पाणी पिऊन झाल्यावर जग उलटा करून पाहत. घरी त्यांचं एक कपाट होतं. त्यात पिस्ता रंगाचे मसाल्याचे डबे, दुधी साबणदाण्या, चहाच्या गाळण्या, पिवळट पडलेले पेले, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जग. सगळं प्लास्टिकच्या पहिल्या दिवसांतलं. "ऊन लागलं का तडकते," म्हणून खिडकीला कायम जुनं लुगडं टांगलेलं.

आमच्या गल्लीत जुन्या प्लास्टिकच्या बदल्यात लसूण देणारा फेरीवाला येई. काकू त्याचं पोतं ओट्यावर रिकामं करायला लावत आणि घरातली चांगली धड बादली देऊन त्यातला एखादा फुटका जग उचलत.

"अम्मा, दुनिया पुराना देके लहसुन लेती है," तो म्हणे, "आप नया देके कचरा लेती हो."

"तुले काय करा लागते? बादली भेटली न?"

त्यांचा मुलगा राजूभाऊ आतून ओरडे, "आई, एक दिवस मी तुलेच देऊन लसून घेईन."

"घे. पन माह्या बदल्यात पावशेरच्या वर देनार नाई तो."

या नादामागचं कारण त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितलं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन निघाली होती. काकूंचा थोरला भाऊ धनराज असे बैल कोरायचा. त्याच्या बैलाला वशिंडामागे एक खाच असे, लहान मुलाचा अंगठा बसावा म्हणून. तरुणपणी तो मुंबईला गेला आणि प्लास्टिकच्या कारखान्यात लागला. तिथे नव्या वस्तूचा आकार आधी लाकडात घडवत आणि त्यावरून साचा करत. काकूंच्या लग्नात गावच्या माणसाबरोबर त्याने एक नारंगी जग पाठवला. निरोप एवढाच होता की मूठ माझ्या हातची आहे. मुठीवर तशीच खाच होती, मोठ्या माणसाच्या अंगठ्याची. त्यानंतर त्याची काहीच खबर नाही.

"भांड्याखाली कंपनीचं नाव असते, बापू. ज्यानं घडोलं त्याचं कायले नसन?" त्या म्हणाल्या. "तू सिकून राहिला न. पता लाव."

मी पत्ता लावतो म्हणालो. पुढे एम.ए.ला नागपूरला गेलो, तेव्हा प्लास्टिकच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला तो जग नेऊन दाखवला. त्याने बूड पाहिलं. म्हणाला, ही कंपनी बुडून जमाना झाला. कारखाना बंद पडला की साचे विकले जातात, दुसरा कोणी त्यातून माल काढत राहतो. "मूठ कोणी घडवली ते मालकालाही ठाऊक नसेल. साचा माणसापेक्षा जास्त जगतो."

दिवाळीत जग परत द्यायला आणि हे सांगायला फुलचूरला गेलो. काकू वाटच पाहत होत्या. तिरोड्याच्या बाजारातून आणलेला एक निळा, कोराकरकरीत जग त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मुठीवर खाच.

"पाय. आता निंगाला हा. म्हंजे जिता हाय तो."

मी अडखळत साच्याचं सांगितलं. काकूंनी अंगठा खाचेत ठेवला होता, तो तसाच राहिला.

"साचा इकला म्हनतोस?"

"हो, काकू."

"मंग त्यानंच इकला असन. मालक झाला असन आता."

त्यांच्या पाठीमागे राजूभाऊ उभा होता. त्याने मला मानेनेच 'नको' म्हटलं. मी चहा प्यायलो. "ध्यान ठेव मुंबईकडं," असं बजावून काकूंनी मला लाडूंचा डबा दिला.

नोकरी लागली ती लांब मराठवाड्यात. जाणं कमी होत गेलं. कधी फोन केला तर काकू तब्येतीचं बोलूच देत नसत. "पता?" एवढंच विचारत.

मग एका दुपारी राजूभाऊचा फोन आला. माझा नंबर हरवला होता, कोणाकोणाला विचारून शोधला म्हणाला. काकूंना जाऊन महिना होऊन गेला होता.

"शेवटी पानी मांगतलं. घाईत हाताले तोच नारंगी जग आला," तो म्हणाला. "आजवर कधी धरला नवता भाऊ मी तो. अंगठा बराबर बसला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मामाचा काई पता लागला का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो.

"पाहत राय," तो म्हणाला.