लई म्हंजे किती?

आमच्या साडूंचा या जगातल्या एकाही विशेषणावर विश्वास नाही. कुणी 'लई थंडी हाय' म्हणालं की ते 'लई म्हंजे किती?' असं विचारतात, आणि समोरच्याला आकडा सांगता आला नाही तर त्यांच्या लेखी त्या दिवशी थंडी पडलेलीच नसते. लोहाऱ्यातल्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मीही गुरुजीच म्हणतो आणि ते मला पाव्हणं म्हणतात. माझंही तहसिलातलं काम आकड्यांचंच, पण कचेरी सुटली की मी आकडे तिथंच ठेवून घरी येतो. गुरुजींचे आकडे मात्र त्यांच्याबरोबर लग्नाला, बाजाराला, मयतीलासुद्धा येतात. त्यांच्या पुतणीला बघायला आलेले लोक म्हणाले, आम्हाला मुलगी शांत पाहिजे. गुरुजींनी लगेच विचारलं, किती शांत? यात खोच अजिबात नव्हती, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. सोयरीक जमली, पण तेव्हापासून अशा बैठकीला गुरुजींना बोलवायचं की नाही यावर घरात आधी वेगळी बैठक होते. एकदा उमरग्याला जायला आम्ही जीपमध्ये बसलो होतो. ड्रायव्हर 'आत्ता निघू' म्हणाला, तशी गुरुजींनी आत्ता म्हणजे किती मिनिटांत ते विचारलं. "गुरुजी, अजून चार शिटं यिऊ द्या, तेरा हुतेत. तेरा झाले की निघालोच," तो म्हणाला. उत्तरात आकडा आल्यामुळे गुरुजी समाधानानं मागे टेकून बसले. ती तेरा माणसं नऊच्या जागेत कोंबली जाणार होती, याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

त्यांचं दुसरं वेड मराठी आकड्यांचं. फळ्यावर, घराच्या दारावर, पिठाच्या डब्यावर ते मराठीच आकडे घालतात. स्कूटरच्या पाटीवरही घातलेत, पोलिसानं पाटी बदला म्हणून अडवलं तेव्हा गुरुजी त्याला म्हणाले, "आकडे आपल्याच मुलखातनं जगात गेलेत. लेकरू परदेशातनं पँट घालून आलं म्हणून धोतरातल्या बापानं लाजायचं का?" पोलिसानं सगळं ऐकून घेतलं आणि पावती फाडली.

अशा माणसाच्या शाळेची अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावच्या शाळेशी जोडी लागली. दोन्हीकडच्या मुलांनी मिळून विज्ञान शिकावं, अशी ती योजना होती. काम साधंच. हिवाळाभर रोज सूर्योदयाला आपापल्या अंगणातलं तापमान मोजायचं, आठवड्याचे आकडे फळ्यावर मांडून फोटो पाठवायचा, आणि शेवटी दोन्ही गावांच्या दोन रेषा असलेला एक मोठा तक्ता दोन्ही शाळांत लावायचा. गुरुजींची ती नोकरीची शेवटची थंडी होती. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. आपल्या मागे शाळेच्या भिंतीवर ती एक रेष राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी तापमापकासाठी स्वतः पांढरी झडपांची पेटी बनवली आणि मुलांच्या पाळ्या लावल्या. घरचे सगळे अणदूरला खंडोबाला मुक्कामी गेले, तर तिथून पहाटे फोन करून त्यांनी आकडा घेतला आणि मगच देवाला हात जोडले. पडद्यावर तिकडच्या बाईंशी पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा बाई म्हणाल्या, इथं खूप बर्फ आहे. गुरुजींनी सवयीनं विचारलं, खूप म्हणजे किती? बाई उठल्या, पट्टी घेऊन बाहेर गेल्या आणि मोजून आल्या. त्या दिवशी गुरुजी मला म्हणाले, "बाई पक्क्या हायेत, पाव्हणं."

हिवाळा सरत आला आणि त्याच बाईंचा मेल आला. भाषा फार मऊ होती. तुमच्या गावची थंडीतली पहाट तेहेतीस ते सदतीस अंशांची दिसते, हे कसं, असं त्यांनी विचारलं होतं. मुलं तापमापक काखेत तर धरत नाहीत ना, अशीही शंका होती, कारण आकडे बहुतेक माणसाच्या अंगाचे वाटत होते. यंत्र बिघडलं असेल तर हरकत नाही, तक्त्यात या वेळी एकच रेष ठेवू, असं शेवटी लिहिलं होतं. गुरुजींनी पेटी उघडली, तापमापक बर्फाच्या चुऱ्यात घालून पाहिला. तो बरोबर शून्यावर आला. मुख्याध्यापक म्हणाले, त्यांना पटतील असे आकडे पाठवून द्या, कोण बघतंय. गुरुजी पेटी बंद करून घरी आले. रात्री बायकोनं मला सांगितलं, "आक्काचा फोन होता. भाऊजींना भात किती वाढू विचारलं, तर 'वाढ थोडा' म्हणाले."

थोडा! हा शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर थेट शाळेत गेलो.

संध्याकाळी बाईंशी बोलायचं ठरलं होतं. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ असते. मुलं सतरंजीवर बसली होती. बाईंनी आमच्याच फळ्याचा फोटो छापून आणला होता. तो पडद्यासमोर धरून त्या एकेका आकड्याखाली बोट फिरवत इंग्रजीत वाचू लागल्या: नव्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव. हे फॅरनहाइट, म्हणून आम्ही सेल्सिअस करून घेतले, असं त्या म्हणाल्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगं, बाई चौदाला अठ्ठ्याण्णव म्हनतेत."

गुरुजी सावकाश मागे वळले. फळ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात ११, १२, १३, १४ असं लिहिलेलं होतं. पुढे 'अंश' हा शब्द, तोही मराठीत. ते चार पावलं मागे सरकले, चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "पाव्हणं, लांबनं बघा. एकाचं नऊ दिसतंय, चाराचं आठ. व्हय की ओ."

मग त्यांनी आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत बाईंना एक ते नऊ शिकवले. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि हसता हसता इतक्यांदा माफी मागितली की गुरुजींनी ती मोजायला हवी होती. आमची रेष तक्त्यात राहिली.

पुढच्या सोमवारी मी शाळेवरून जात होतो. फळ्यावर इंग्रजी आकडे होते, आणि अक्षर गुरुजींचं होतं. मी म्हणालो, काय गुरुजी, शेवटी पाटी बदलली? ते म्हणाले, "पोलिसासाठी न्हाय बदलली. दारात पाव्हणा आला तर त्याला कळंल असंच बोलावं मानसानं." त्याच दिवशी तिकडच्या मुलांचा फोटो आला. त्यांच्या फळ्यावर त्या आठवड्याची थंडी मांडली होती, उणे १४, उणे ११, सगळे आकडे मराठीत. आकडे वाकडेतिकडे होते, एक चार तर आरशात पाहून काढल्यासारखा उलटा होता. मी तो दाखवला. गुरुजी फोटोवरून नजर न काढता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लेकरांचं सगळंच मोजायचं नसतं."

गुरुजी आता निवृत्त आहेत. तो दोन रेषांचा तक्ता शाळेच्या व्हरांड्यात आहे, गुरुजींच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी जोडी पुढे चालू ठेवली आहे, आणि दोन्ही गावांचे आकडे रोज फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिले जातात. निवृत्त माणसानं शाळेत किती वेळा जावं, याचं उत्तर गुरुजींनी शून्य असं ठरवून टाकलंय. म्हणून सकाळी फिरून येताना मीच फळा वाचतो. गुरुजी त्यांच्या दारात उभे असतात.

परवाही होते. "किती?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"आन् तिकडं?"

"उणे एकवीस."

गुरुजींनी गळ्याभोवतीचा मफलर जरा आवळला आणि शाळेच्या दिशेनं बघत राहिले. मग म्हणाले, "लई थंडी वाजत आसंल लेकरांना."

लई म्हणजे किती, हे विचारायची माझी पाळी होती. मी नुसतंच 'व्हय' म्हणालो.