रतनबाईचा वॉकर

शिमगा झाल्यावर कान्हे गावच्या रतनबाईचा उजवा गुडघा बदलला. बदलला म्हणजे अर्धाच. आतल्या अंगाची कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं, बाहेरचं अंग मात्र शाबूत होतं. "चांगलं आहे ते कशाला कापायचं?" म्हणत डॉक्टरांनी तेवढ्याच भागात धातू बसवला आणि दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं.

तिला उठवायला-बसवायला सून होती, अपेक्षा. तळेगावच्या कंपनीतल्या पॅकिंगच्या कामावरून तिनं तीन महिन्यांची सुट्टी मागून घेतली होती.

रतनबाईला हे चांगलंच मानवलं. चहा हातात, ताट हातात, सून डोळ्यांसमोर. दीड महिन्यानं डॉक्टर म्हणाले, "मावशी, वॉकर आता माळ्यावर टाका." मुलगा हनुमंत तेव्हा गाडी लावायला गेला होता. घरी आल्यावर रतनबाईनं सांगितलं, "डाक्टर म्हनला, अर्धाच गुडघा हाये, लय जपा."

घरात कुणी नसलं की ती स्टुलावर चढून फळीवरचा गूळ काढायची. पाऊल वाजलं की वॉकर.

"आत्या, मुंग्या लय माजल्यात," अपेक्षा एकदा म्हणाली. "पार फळीवर चढून गूळ खात्यात."

जूनमध्ये कंपनीचा निरोप आला: सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा गेली. रतनबाईनं लगेच गुडघा धरून कण्हायला सुरुवात केली. हनुमंत बायकोला म्हणाला, "आईला अशी टाकून जाशील?"

शनिवारी आळीतल्या बाया सावड ठरवायला अंगणात जमल्या. भातलावणीला घरटी एक बाई, सगळ्यांच्या खाचरात पाळीपाळीनं.

"आमच्याकडून अपेक्षा," रतनबाईनं सांगून टाकलं.

अपेक्षा उठून चहा ठेवायला घरात गेली. थोड्या वेळानं परसातून तिची हाक आली, "आत्या, गाय रोपात शिरली!"

रतनबाई धावली. वॉकर अंगणातच राहिला. बांधावरून उडी टाकून, शिव्या घालत तिनं गाय बाहेर हुसकली, तोवर एक कोपरा तुडवून झाला होता. हातात दावं आलं तेव्हा ती थबकली. ते तुटलेलं नव्हतं. गाठ नीट सोडलेली होती.

तिनं मागं पाहिलं. बाया बांधावर ओळीनं उभ्या होत्या.

"अगं बया," एकजण म्हणाली, "डाक्टरनं घोड्याचा गुडघा बसवला का गं?"

अपेक्षा वॉकर घडी करून घेऊन आली. "सावडीत आत्याचं नाव घाला. सोमवारपास्नं मी कामावर."

रोप तुडवलं म्हणून हनुमंत चिडला, आणि आईचं सोंग कळल्यावर चिडला तो तिच्यावरच.

लावणीच्या तिसऱ्या दिवशी चिखलात वाकलेली रतनबाई सरळच होईना. उजवा गुडघा ठीक होता. डावा, जुना, आतून करवतीनं कापल्यागत दुखत होता.

"बायांनो, हात द्या गं. खरंच उठवंना."

"व्हय का?" पुढची बाई मागं न बघता म्हणाली. "गाय सोडू का?"

सगळ्याजणी हसल्या, आणि रोपाच्या जुड्या घेऊन पुढच्या खाचरात गेल्या.