वसुधाताई खाली उतरल्या

लंडनमधल्या आमच्या घरासमोर भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. शंभर वर्षांहून जुनं, आणि खाली उतरायला नुसत्या पायऱ्या. शेजारच्या वसुधाताई चाकांच्या खुर्चीत असतात. बावीस वर्षं त्यांनी खिडकीतून लोकांना जमिनीखाली जाताना पाहिलं आणि स्वतः बस बदलत बदलत हिंडल्या.

मग स्टेशनाभोवती पत्रे लागले. दोन वर्षं खोदकाम चाललं. आम्ही सगळे धुळीला वैतागलो. वसुधाताईंनी एकदाही कुरकुर केली नाही. काल तिथली लिफ्ट सुरू झाली.

"तू चल, पण खुर्ची ढकलायची नाही," त्यांनी मला बजावलं.

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर फलाट होता. बोगद्यातून गाडीच्या आधी वारा आला. त्यांचा पदर उडाला.

"अगं, इथं वारा असतो!"

इतकी वर्षं मी रोज त्या वाऱ्यातून गेले होते, पण त्याबद्दल कुणाला सांगावंसं मला कधी वाटलं नव्हतं. नवे डबे, नवे सिग्नल यांचं कौतुक मी वर्तमानपत्रात वाचत होते. जुनं शहर नवं होतं म्हणजे काय होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

गाडी फलाटाशी अगदी समपातळीत थांबली. कर्मचारी मदतीला धावला. त्यांनी हसून त्याला हातानंच थांबवलं, चाकांना जोर दिला आणि एकट्या आत गेल्या.

"कुठं उतरायचं?" मी विचारलं.

"इतक्यात उतरायचं कशाला? शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊ. मग दुसरी गाडी धरू!"