भानुदास मिस्त्रींचा फुकट दिवा

भानुदास मिस्त्री दुकानात आलेल्या माणसाला पाणी विचारत नसत, हातात ट्यूबलाईट देत. "धरा," म्हणत. ट्यूबला ना वायर, ना होल्डर. मग ते कोपऱ्यातलं बटण दाबत, चर्रर्र आवाज होई आणि नेकनूर रस्त्यावरचा तो भला माणूस स्वतःच्या मुठीत पेटलेली ट्यूब बघून रामराम घालायचा विसरे. मी पहिल्या भेटीत ती सरळ खाली टाकली. मिस्त्री काचा गोळा करत म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, चटका बसला का? न्हाई ना? मग टाकली कावून?"

मी तेव्हा गावच्या दूध सोसायटीचा नवाकोरा सेक्रेटरी होतो. मिस्त्रींचा धंदा जळालेल्या मोटारी भरून देण्याचा, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळण्याचा. दुष्काळात विहिरी आटल्या, मोटारी चालेनात आणि त्यामुळे जळेनातही. रिकाम्या हातांना मिस्त्रींनी दुसरं काम लावलं. कोरड्या बोअरचा उरलेला प्लास्टिकचा पाइप घ्यायचा आणि त्यावर केसाएवढी बारीक तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची. मोजणी चुकू नये म्हणून त्या वेळी ते दुसरं काही बोलत नसत. कुणी "रामराम मिस्त्री" म्हटलं, तर उत्तर यायचं, "सातशे बारा."

अशा त्या कॉइलमधून वीतभर जांभळ्या ठिणग्या उडत, आणि हातातली ट्यूब तिच्यामुळेच पेटे. मिस्त्री लेकीचं कौतुक करावं तसे सांगत, "आभाळातली वीज पान्याबिगर येत न्हाई. ही येती." त्यांचा एक सिद्धांत होता, "जमिनीत लई वीज हाय. आपुन निस्ती तोटी बसवायची."

आणि एक दिवस तोटी बसली! कॉइलचं एक टोक त्यांनी अंगणातल्या कोरड्या बोअरच्या लोखंडी पाइपाला बांधलं होतं, दुसरं कुंपणाशी ठोकलेल्या पहारीला, आणि मधे एक छोटा दिवा. कॉइल चालवणारी बॅटरी चार्जिंगसाठी काढली, तरी दिवा जळतच राहिला. गावातली लाईट गेली, तरी जळत राहिला. मधेच काही तास विझे, पण मिस्त्रींकडे त्याचंही उत्तर होतं. "जमीनबी दम खाती."

बातमी सोसायटीचे चेअरमन आप्पांकडे गेली. लाईट नसली की कूलर बंद पडून आमचं दूध नासायचं. दुष्काळात जनावरं जगवून काढलेलं ते दूध ओतून देताना बाया तोंड फिरवत. आप्पांनी ठरवलं, फुकट विजेची सहकारी संस्था काढायची. ठराव मी लिहिला, माझ्या सर्वोत्तम अक्षरात. शेअरसाठी बाया शेळ्या विकायला निघाल्या.

ठरावाच्या दिवशी मिस्त्रींच्या अंगणात गाव लोटला. दिवा जळत होता. आप्पांनी नारळ उचलला आणि तेवढ्यात मिस्त्रींच्या पत्नी, सुभद्राकाकू, शेळी कवेत घेऊन आल्या. शेळी थरथरत होती. "डीपीजवळ गेली की नाचायची," काकू म्हणाल्या, "आज आडवीच पडली."

डीपी म्हणजे शेतीच्या वेगळ्या लाईनचा ट्रान्सफॉर्मर, कुंपणापलीकडे, पहारीपासून हाताच्या अंतरावर. मिस्त्रींनी पहारीकडे पाहिलं, डीपीकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "शेतीची लाईन सध्या कवा येती, कवा जाती?"

मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. विहिरी कोरड्या, मोटार लावायची कुणाला? लाईन इमानाने येत-जात होती, आणि तिचं वेळापत्रक एकटा तो दिवा पाळत होता.

मिस्त्रींनी सगळ्यांना मागे सारलं. प्लास्टिकचा लांब पाइप कुंपणावरून डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरता लावला आणि काकूंकडे पाणी मागितलं.

"प्यायचं हाय ते. टँकर परवा येनार."

"ठावं हाय."

आप्पा कानाशी लागले, "बे भानुदास, आदी नारळ फोडू. पानी मागून वत."

मिस्त्री म्हणाले, "आप्पा, उद्या शेळीच्या जागी मानूस आसंल."

पहिली बादली कोरड्या मातीने घटाघट पिऊन टाकली. दिवा थरथरला. दुसरी बादली काकूंनी न मागता पुढे केली. ती ओतताच डीपीवर फाट्कन फ्यूज उडाला, आणि दिवा विझला.

"फुकटची न्हाई," मिस्त्री म्हणाले. "गळकी हाय."

डीपीच्या खांबाला घासून केबल सोलली होती. अर्थिंगचा खड्डा सुकल्याने वीज जमिनीत वाट शोधत हिंडत होती, आणि त्यातली चिमूटभर त्यांच्या दिव्यातून बोअरमध्ये उतरत होती. खड्डा ओला होताच सगळी वीज तिथूनच धावली, म्हणून फ्यूज उडाला. स्वतःचं आयुष्यभराचं स्वप्न असं भर सभेत, प्यायच्या पाण्याने विझवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आप्पा नारळ घेऊन तसेच उभे. मिस्त्री आत गेले, ट्यूबलाईट घेऊन आले आणि आप्पांच्या दुसऱ्या हातात देत म्हणाले, "धरा." गाव हसलं. शेळ्या दावणीला राहिल्या. माझा ठराव मात्र वाया गेला. तसं अक्षर पुन्हा आलं नाही.

मिस्त्री पुढेही कॉइल गुंडाळत राहिले. फुकट वीज असते का, असं विचारलं की म्हणत, "आसंल की. पर घावली तर पैलं पानी वतून बघायचं." तो दिवा त्यांनी काढला नाही. "ऱ्हाऊ द्या. पेटला की समजायचं, कुटंतरी गळतंय."

आता मिस्त्री नाहीत. उन्हाळ्यात त्या बाजूला गेलो की मी त्याच पाइपातून, लांब उभा राहून, खड्ड्यात बादलीभर पाणी सोडतो. काकूंना आता नीट दिसत नाही. त्या दारातूनच विचारतात, "दिवा लागलाय का?"

"नाही, काकू."

"मंग बरं हाय," म्हणतात, आणि शेळी मोकळी सोडतात.