अण्णांची शिंक

चिमूटभर तपकीर घेतल्याशिवाय अण्णांनी कुठल्या कागदावर सही केलेली मी पाहिली नाही. बुऱ्हाणपूरच्या कचेरीत मी नवा कारकून म्हणून लागलो, तेव्हा ते मुख्य कारकून होते. माझा हजर झाल्याचा कागद समोर आणि हे महाशय पितळी डबीच्या झाकणावर टिचक्या मारत बसलेले. सही झाल्यावर डबी माझ्यापुढे आली. नाही कसं म्हणायचं, म्हणून मी भली मोठी चिमूट नाकाशी नेली आणि जोरात श्वास ओढला. सात शिंका आल्या. टेबलावरच्या कागदांचं काय झालं ते सांगत नाही.

"खींचायची नाही, भाऊ," अण्णा शांतपणे म्हणाले. "नाकापाशी नुसती धरायची. अपने आप जाते तेवढी जाऊ द्यायची. जबरदस्ती केली की डोक्यात चढते. शिंकला त्याला तपकीर समजलीच नाही."

स्वतः ते कधी शिंकत नसत. तंबाखूची पानं आणून, भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून तपकीर ते घरीच बनवत. तुपाचं बोट किती लावायचं, यावर तासभर बोलत. सकाळी राजघाटावर अंघोळ, घाटावरच्या चौघांत डबीची एक फेरी आणि मग कचेरी, हा त्यांचा नेम होता. तापीचं पाणी अंगावर घेतलं नाही तर त्यांचा दिवस उगवत नसे. माणूस लाख मोलाचा, पण तोंडावर नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. "बघू, भाऊ, देखेंगे," एवढं म्हणून ते मोकळे व्हायचे.

पुढं प्रांतांची नवी वाटणी झाली. नागपूरला जाणारे आमचे कागद भोपाळला जाऊ लागले. आम्हा मराठी कारकुनांना एक छापील कागद देऊन विचारण्यात आलं, इथंच राहता की मुंबई राज्यात जाता? अण्णांच्या घरी हा प्रश्नच नव्हता. अण्णांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची आई जळगावात एकटी होती आणि तिला दिसेनासं झालं होतं. काकूंनी मोठी भांडी गोणपाटात बांधूनसुद्धा टाकली. अण्णा मात्र रोज "देखेंगे" म्हणत आणि कागद तसाच कोरा राही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी साक्षीदार म्हणून त्यांच्या लालबागच्या घरी गेलो. काकू समोर पाटावर बसल्या होत्या. त्यांची नजर कागदावरून हलत नव्हती. अण्णांनी दौत पुढं ओढली, टाक बुडवला, परत ठेवला. मग त्यांनी डबी उघडली.

चिमूट नेहमीपेक्षा मोठी होती. अण्णांनी ती नाकाशी नेली आणि डोळे मिटून, पहिल्या दिवशी मी ओढली होती तशी, सगळी आत ओढली. मी ते पाहिलं. काकूंचं लक्ष कागदाकडे होतं. अण्णांनी टाक उचलला, कागदाला लावला, आणि शिंकले.

काकू शिंक झाली की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. त्यांचा चेहरा उतरला. "थांबा. आता नका करू सही," त्या म्हणाल्या. "कधी न शिंकणारा माणूस शिंकतो म्हणजे काही तरी आहे. पुढं बदली मागून घेऊ." त्यांनी टाक स्वतःच्या हातानं बाजूला ठेवला. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली आणि ती मुदत तशीच टळू दिली.

बदलीचा अर्ज अण्णांनी कधी केला नाही. काकू विचारत, अण्णा "देखेंगे" म्हणत. आता जायचंच आहे म्हणून भांडी बांधलेलीच राहिली, आणि आता जायचंच आहे म्हणून आईला इकडं आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तार आली. काकू पोहोचल्या तोवर सगळं उरकलं होतं. म्हातारी दोन दिवस तापात एकटी पडून होती, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

त्या परत आल्या त्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. "ती शिंक मी मुद्दाम काढली होती," अण्णा म्हणाले. "मला इथून हलायचं नव्हतं."

"मग तसं तोंडानं सांगायचं होतं ना," काकू म्हणाल्या. "मी राहिले असते. आईला इकडं घेऊन आले असते. मागची खोली रिकामीच तर होती."

अण्णा रडले. काकू माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही समोर होता, मधुभाऊ. तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

नवऱ्यावरचा त्यांचा राग वर्षा-दोन वर्षांत निवळला. शेवटच्या आजारपणात त्यांनी अण्णांचं सगळं केलं. अण्णा गेले तेव्हा मी त्या घरी गेलो, तर काकूंनी मला बसायला सांगितलं आणि त्या आत निघून गेल्या. मी तासभर बसलो. त्या बाहेर आल्या नाहीत.